भाताची वेळ

धोंडाबाईनं लोण्याचा गोळा केळीच्या पानावर ठेवला, हाताला उरलेलं लोणी कोपरावर पुसलं आणि चुंबळ सारखी करता करता म्हणाली, "मालकांस्नी गाडीवरनं उतरवून यार्डात बसीवलं, त्ये लय ब्येस झालं बगा. जिवाला घोर न्हाई."

चंद्रिका पायरीवर बसून ताकाचं भांडं पुढं सरकवत होती. तिचे केस तसेच, वेणी न घालता मागं गाठ मारलेले होते, कारण तिच्या हिशेबानं या वेळी तिच्या नवऱ्याची मालगाडी खंडाळ्याच्या खाली घाटात होती, आणि गाडी घाटात असताना ती केसांना फणी लावत नसे.

"कुणाच्या मालकांना?" तिनं विचारलं.

"तुमच्याच की. गार्डसायबांस्नी. त्या बदामाच्या बुडी टेबल टाकलंय न्हवं, तितं बसत्यात. नागपंचमीपास्नं बगते मी. मळवलीवरनं गाडीनं आले की यार्डातनंच येते, तवा दिसत्यात. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"ठाऊक आहे की," चंद्रिका म्हणाली.

"मंग! मानसानं जिवाला घोर लावून घिऊच नये. त्यानं काय व्हतंय?" धोंडाबाईनं पाटी डोक्यावर घेतली आणि तिथंच थांबली. "आता माजी कालवड बगा. रानात गेली की माजं सारं ध्यान तिच्यापाशी. वाघरू फिरतंय म्हनत्यात डोंगराच्या अंगाला. आज तर निम्म्या वाटंवरनं मागं गेले, गोठ्यात बगितलं, मंग आले." आणि पुन्हा मागं जावं की काय अशा चेहऱ्यानं ती फाटकाबाहेर पडली.

चंद्रिका पायरीवरच बसून राहिली. लोणी उन्हात होतं, ते आत न्यायला हवं होतं. खरं तर तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. चौदा वर्षं ज्या बातमीची तिनं देवापाशी मागणी केली ती बातमी एक लोणीवाली सहज जाता जाता देऊन गेली होती: नवरा घाटात नाही, बदामाच्या सावलीत खुर्चीवर बसलेला आहे, त्याच्या पायाखाली घट्ट जमीन आहे. पण छातीत जी धाकधूक सकाळी त्यांनी पेटी उचलून "येतो" म्हटल्यापासून सुरू झाली होती ती तशीच चालू होती. घरचा मालक मेल्यावरही पायरी न सोडणाऱ्या कुत्र्यासारखी ती धाकधूक बसून होती. नागपंचमी. म्हणजे गणपतीत ते यार्डात होते. गणपतीच्या दिवशी तिनं मोदक करून ठेवले होते, नैवेद्य झाला होता, आणि कलत्या उन्हापर्यंत तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ते आले आणि पाय धुता धुता म्हणाले, "खंडाळ्याला थांबवून ठेवली होती आज. पुढची गाडी निघेना." आणि ती मनात म्हणाली होती, बरं झालं मी काही खाल्लं नाही. दसऱ्याला तसंच. दिवाळीतल्या त्या पावसाच्या दिवशी तर ती देवापुढं बसून होती, आणि ते हातभर अंतरावर, म्हणजे हातभर नाही तरी हाकेच्या अंतरावर, टेबलाशी बसून वाघिणींचे, म्हणजे मालाच्या डब्यांचे, आकडे उतरवून घेत होते. तिला राग यायला हवा होता. तोही धड येईना. आला तो एक विचित्र ओशाळेपणा, जेवायला बोलावलेल्या पाहुण्यासाठी ताट मांडून बसावं आणि पाहुणा दुसऱ्याच गावी जेवून झोपला आहे असं कळावं तसा.

या सगळ्याची सुरुवात एका पेरूपासून झाली होती, आणि ते ती कुणाला सांगू शकली नसती. लग्नाचं पहिलंच वर्ष. तेव्हा ती दोघं रेल्वेच्या चाळीत राहत. श्रीपादराव नुकतेच गार्ड झाले होते. पेटी, कंदील आणि दोन निशाणं घेऊन ते निघाले की शेजारच्या बायका दारात येऊन पाहत, कारण गार्डाचा रुबाब त्या चाळीत मोठा होता. अशा एका दुपारी ती पेरूला मीठ लावून खात बसली होती, आणि चाळीच्या टोकाकडून कुणीतरी ओरडत आलं की घाटात दरड कोसळली. गाडीवर नव्हे, गाडीपुढं. श्रीपादराव दुसऱ्या दिवशी चिखलानं माखून घरी आले, पोटभर जेवले आणि झोपले. पण त्या रात्रीत तिच्या मनानं एक गाठ मारून टाकली होती: ते घाटात असताना मी खात होते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिच्या मनानं तर वैऱ्याला काही कामच ठेवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडी घाटात असताना खाणं बंद. मग एकदा तिनं त्या वेळात केर बाहेर टाकला आणि त्यांचं बोट दारात चेंगरून आलं, तेव्हा केर बंद. मग सुई बंद, मग फणी बंद. मग चाळीतल्या बायकांचं बोलणं सोसवेना. त्या नळावर बसून अपघातांच्या गोष्टी इतक्या चवीनं सांगत की कुणाला वाटावं लोणच्याची कृती चालली आहे. म्हणून तिनं हट्ट धरून चाळ सोडायला लावली. शालूबाई, रुळांचे सांधे बदलणाऱ्या शेजारच्या पॉइंट्समनची बायको, तेव्हा म्हणाली होती, "तिकडं एकटी काय करशील गं? इथं निदान काही झालं तर आधी कळतं." ते ऐकल्यावर चंद्रिकेनं दोन दिवसांत बिऱ्हाड हलवलं. खंडाळ्याच्या अंगाला, एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे काळजी वाटून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. जी होती ती सगळी एका माणसाच्या वाट्याला गेली. आणि चाळ सोडली म्हणूनच तीन महिने ही गोष्ट तिला कळली नाही, हे आता पायरीवर बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं. वाईट बातमी येऊ नये म्हणून तिनं बंद केलेल्या वाटेनं चांगली बातमीही आली नव्हती.

तिची आई तळेगावला अशीच होती, फक्त तिची रीत निराळी होती. आईला काळजी लागली की ती भांडी घाशी. घरातली पितळी भांडी लखलखीत दिसली की मुलांनी ओळखावं, काहीतरी बिनसलंय. इन्फ्लुएन्झाच्या साली तर स्वयंपाकघरात डोळे दिपत. वडील तापानं फणफणत आत पडलेले आणि आई अंगणात चिंच घेऊन पातेली घासते आहे. वडील उठले, हिंडू लागले, तरी आई आठवडाभर घासतच होती. चंद्रिकेनं तेव्हा विचारलं होतं, "आता कशाला? आता तर ते बरे आहेत." आई म्हणाली होती, "हात थांबत नाहीत गं." तेव्हा चंद्रिकेला हसू आलं होतं.

लोणी आत नेऊन तिनं पाण्यात सोडलं. मग फणीकडे हात गेला. आता हरकत नव्हती. ते घाटात नव्हते, हे तिला पक्कं माहीत होतं. घालावी वेणी, खुशाल घालावी. तिनं फणी उचलली, केसांपर्यंत नेली आणि परत कोनाड्यात ठेवली. आपण शहाण्या आहोत की खुळ्या, असा प्रश्न तिनं स्वतःला आजवर विचारला नव्हता. आज विचारला आणि उत्तराची वाट न पाहता डोक्यावरून पदर घेऊन कडी लावून ती बाहेर पडली.

यार्डाकडं ती वर्षानुवर्षं गेली नव्हती. रुळांकडं पाहायचं नाही हाही एक नेम होताच. बाजाराला जायचं तर ती लांबच्या रस्त्यानं जाई. आता मात्र ती सरळ तारेच्या कुंपणाशी आली आणि एका घाणेरीच्या जाळीमागं उभी राहिली. कार्तिकातलं ऊन स्वच्छ होतं, पलीकडच्या खाचरांत भात कापून पेंढ्या पसरल्या होत्या. बदामाचं झाड होतं, टेबल होतं, आणि श्रीपादराव होते. टोपी टेबलावर काढून ठेवलेली, मानेवर घाम, पुढं कागद. तिला ते एकदम म्हातारे वाटले. घरी येणारा माणूस निराळा होता. तो घाटातून आलेला असे, त्याच्या भोवती एक वारा असे. हा माणूस सकाळपासून खुर्चीवर बसला होता आणि त्याची पाठ दुखत असावी.

मग एक मालगाडी निघाली. नवं विजेचं इंजिन, ज्याला सगळे खेकडा म्हणत, ते उभ्या उभ्या कण्हल्यासारखा आवाज करत होतं. मग डुलत डुलत निघालं आणि मागून वाघिणी ओढल्या गेल्या. शेवटी गार्डाचा डबा. त्यातल्या तरुण गार्डानं हात केला. श्रीपादरावांनी हसून हात केला. डबा वळणावर गेला, नाहीसा झाला, आणि हसू तोंडावर तसंच ठेवून ते उभे राहिले. एक हात टेबलाची कड घट्ट धरून होता. मान थोडी तिरपी झाली आणि उजवा कान खंडाळ्याकडे वळला. ते ऐकत होते. जिथून काही ऐकू येत नव्हतं तिकडं कान लावून ते उभे होते, आणि कुंपणाअलीकडं चंद्रिकेनं स्वतःच्या मानेला हात लावून पाहिला, कारण तिची मानही तशीच, त्याच बाजूला कलली होती. इतकी वर्षं परसात ती जशी उभी राहत आली तसंच हे उभं राहणं होतं. दुसऱ्या कुणाला ते ओळखू आलं नसतं.

पूर्वी त्या दिशेनं आवाज येई. कोळशाच्या इंजिनांचा काळ होता तेव्हा वर चढणाऱ्या मालगाडीला मागून आणखी एक इंजिन ढकलायला लागे, त्याला सगळे बँकर म्हणत. पुढचं इंजिन आणि मागचा बँकर, दोघं मिळून धापा टाकत खंडाळ्याच्या वर येत, आणि ती धाप तिला परसात ऐकू येई. बँकर ऐकू आला की ती चुलीवर भाताचं आधण ठेवी. बँकरच्या पुढचाच डबा तिच्या नवऱ्याचा, म्हणजे धाप ऐकू आली याचा अर्थ नवरा वर आला. मग आंबेमोहराचा वास घरभर पसरे, गाडी स्टेशनात लागे, ते पेटी घेऊन चालत येत, आणि भात उतरवायला आणि त्यांनी दारात पाय ठेवायला एकच गाठ पडे. शेजारी थट्टा करत की यांच्याकडं नवरा आणि भात एकदमच शिजून येतात. ती हसत असे. दिवसभर टांगणीला लागलेला जीव त्या एका आवाजानं खाली येई, आणि त्या वेळची भूक इतकी कडकडून असे की तिला ती काळजीसुद्धा थोडी गोड वाटे. मग विजेची इंजिनं आली. त्याला आता दोन पावसाळे झाले. स्टेशनात हार-तोरणं लागली, बत्ताशे वाटले. धूर गेला, दोरीवरच्या कपड्यांवरची काजळी गेली, सगळ्यांनी बरं म्हटलं. फक्त चंद्रिकेच्या कानांना काही उरलं नाही. गाडी आता मांजरासारखी येई. कधी भात शिजून गार होई, कधी ते येऊन बसत आणि आधणसुद्धा ठेवलेलं नसे. तेव्हापासून तिचे नेम दुप्पट झाले.

घरी येऊन तिनं भाजी चिरली. संध्याकाळ व्हायच्या आधी, ऊन परसातल्या तुळशीवर असताना श्रीपादराव आले. पेटी कोपऱ्यात ठेवली, निशाणं खुंटीला लावली. ती निशाणंसुद्धा ते रोज यार्डात नेऊन परत आणत होते. पाय धुतले आणि पाटावर बसून म्हणाले, "आज दुसऱ्या बोगद्यापाशी धुकं होतं बरंच."

तिनं ताट वाढलं. बाहेर इतकं लख्ख ऊन होतं की धुक्याचं नाव घ्यायला धीर हवा.

"यार्ड किती वाजता सुटतं?" तिनं विचारलं. "म्हणजे उद्यापासून भात वेळेवर लावीन."

त्यांचा हात ताटातच राहिला. तिला वाटलं, ते चिडतील. पुरुष पकडला गेला की चिडतो हे तिला ठाऊक होतं. पण ते म्हणाले, "पाचला. कोण म्हणालं?"

"कुणी का म्हणेना. मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? घाबरलो म्हणून सांगू?" ते ताटाकडं बघून बोलत होते. "आषाढात एकदा घाट उतरत होतो. काही झालं नाही, तुला सांगतो, काहीच झालं नाही. गाडी नीट होती. ब्रेकच्या चाकावर हात होता आणि एकदम छाती आवळली. हाताला मुंग्या आल्या. मला वाटलं, संपलं. खाली कर्जतला गाडी उभी राहिली तरी हात चाकावरून निघेना. पोर्टर आला तर त्याला म्हटलं, चाक घट्ट बसलंय रे. चाक चांगलं सैल होतं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. म्हणाला, छाती घोड्यासारखी आहे. मग परत दोनदा तसंच झालं. मग मीच साहेबांकडं जाऊन म्हटलं, थोडे दिवस यार्डात द्या." त्यांनी घास घेतला आणि तो तोंडात घोळवत राहिले. "पूर्वी कसं, आवाज असायचा. चढताना मागं बँकर. उतरताना पुढचं इंजिन. बोगद्यातून सगळा आवाज मागं माझ्यापर्यंत यायचा, कान किटायचे, पण समजायचं, सगळं धरून आहे. आता डब्यात इतकं गप्प असतं की माझी छाती मलाच ऐकू येते. ती ऐकत बसलो की ती जास्तच उडते."

चंद्रिकेला हे ऐकून रडू आलं, आणि ते लपवायचं तिला काही कारण दिसलं नाही. इतकी वर्षं ती एका आवाजावर जगली होती आणि त्याच आवाजावर डोंगरात दुसरा एक माणूस जगत होता, आणि दोघांनी एकमेकांना त्यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. ते घाबरट आहेत असं तिला वाटलं नाही. तिला वाटलं, हा माणूस माझ्या नात्यातला आहे.

"सोमवारी विचारणार आहेत," श्रीपादराव म्हणाले. "घाटात परत जायचं की कायमचं टेबल. एकदा टेबल घेतलं की पुन्हा गाडी नाही. तू म्हणशील तसं करू."

आणि ते तिच्या जिभेवर आलं होतं. नका जाऊ. एवढे दोनच शब्द. पेरूच्या दिवसापासून ती ते शब्द तोंडात धरून होती आणि आज ते म्हणायचा हक्क तिला आयता मिळाला होता. म्हटले असते की सगळं संपलं. फणी, सुई, केर, उपास, सगळं. पण संपलं असतं का? सकाळपासून ती हेच चाचपून पाहत होती. तीन महिने ते घाटात नव्हते. तीन महिन्यांत तिची भीती तीळभर कमी झाली नव्हती. गाडी घाटात असताना जेवढी होती तेवढीच, त्याच मापाची, त्याच वेळी येणारी. भीतीला गाडी कुठे आहे हे ठाऊकच नव्हतं. भीतीनं कधी चौकशीच केली नव्हती. वडील बरे होऊन अंगणात हिंडत होते आणि आई पातेली घासत होती.

"तुम्हाला काय हवंय?" तिनं विचारलं.

त्यांनी ताटातल्या भातावर बोटानं रेघ ओढली. "टेबलाशी बसलो की भीती वाटत नाही असं नाही. गाडी गेली की वाटते. दुसऱ्याच्या गाडीची वाटते. गाडीत नसताना जर एवढी वाटते, तर गाडीत असून वाटली म्हणून काय बिघडलं? पण धीर होत नाही. आणि तू..."

"मी घाबरेन," चंद्रिका म्हणाली. "मी कुठंही घाबरेन. तुम्ही टेबलाशी बसलात तर बदामाची फांदी पडेल म्हणून घाबरेन. त्यासाठी तुम्ही टेबल घेऊ नका." मग कधी बोलेन असं वाटलं नव्हतं ते ती बोलली. पेरू, केर, सुई, फणी, सगळं. आपल्या तोंडून ते ऐकताना तिला ते इतकं पोरकट वाटलं की मध्येच ती हसली. श्रीपादराव हसले नाहीत.

"म्हणजे मी वर येईपर्यंत तू उपाशी?"

"हो."

"चौदा वर्षं?"

"दिवाळीतसुद्धा."

ते खाली मान घालून म्हणाले, "मी घाटात डबा उघडत नाही. कितीही भूक लागली तरी. कर्जत आलं की मगच. पहिल्याच वर्षी एकदा उघडला होता आणि पुढं दरड होती."

मग मात्र दोघांनाही हसू आलं, आणि ते लवकर थांबेना. दरडीच्या त्या दिवशी इकडं पेरू होता आणि तिकडं पोळी, आणि त्या डोंगराला दोन्हींपैकी कशाचीही खबर नव्हती. ताट तसंच राहिलं, भात गार झाला. हसणं ओसरल्यावर चंद्रिकेनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग असं करू या. घाट लागला की तुम्ही डबा उघडायचा. इकडं मी ताट वाढून घेते. भीती वाटू दे. वाटता वाटता दोन घास खायचे."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर जेवलेल्या माणसाला रडायला तरी बळ राहतं," ती म्हणाली. कुठून सुचलं तिला कळलं नाही. आई असती तर असंच काहीतरी म्हणाली असती, हातातलं पातेलं खाली न ठेवता.

सोमवारी त्यांनी घाट मागितला. त्यानंतर एका सकाळी ते पेटी घेऊन निघाले तेव्हा त्यांचा चेहरा पिठासारखा होता. तिनं डबा हातात दिला. ते गेल्यावर तिनं आधी वेणी घातली. वेणी वाकडी आली, ती तिनं तशीच ठेवली. मग केर काढला आणि बाहेर टाकला. आकाश कोसळलं नाही, पण तेवढ्यानं तिची खात्री पटली असं कुणी समजू नये. घाटाची वेळ झाली. कान आपोआप खंडाळ्याकडं वळले. तिकडून काहीच आलं नाही, कुठल्यातरी शेतात झोडपणी चालली होती तेवढाच आवाज. तिनं भात उतरवला, लाल भोपळ्याची भाजी वाढून घेतली आणि पाटावर बसली. या घरात ती नवऱ्याआधी कधी जेवली नव्हती. आता ते दुसऱ्या बोगद्याशी असतील. आता छाती आवळली असेल. तरी तिनं पहिला घास तोंडात घातला. भात जरा कच्चा होता. घाईत मुरूच दिला नव्हता. एरवी तिला ते चाललं नसतं. तिनं तो चावून चावून गिळला. दुसरा घास घेतला. भीती शेजारी बसून होती, ती उठून गेली नाही, आणि चंद्रिकेनं तिला उठवायची खटपट केली नाही. ताट अर्ध्यावर आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला खरोखरच भूक लागली आहे.

श्रीपादराव दिवस कलता कलता आले. पेटी ठेवली, निशाणं खुंटीला लावली आणि डबा पायरीवर ठेवला. तिनं उचलला. जड होता.

"नाही उघडला," ते म्हणाले. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामानं चिकटली होती. "कडीपर्यंत हात गेला होता. मग बोगदा आला."

"मग?"

"मग छाती उडायला लागली. उडू दिली. उडत उडतच कर्जत आलं." ते पायरीवर बसले आणि बूट सोडू लागले. बोटं नीट चालत होती, हे तिनं पाहिलं.

"मी जेवले," चंद्रिका म्हणाली.

त्यांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. वाकड्या वेणीकडं पाहिलं. एक बूट हातातच राहिला.

"काय केलं होतंस?"

"भात आणि भोपळ्याची भाजी. भात कच्चा राहिला जरा. थांबा, तुमच्यासाठी दुसरा लावते, आधण ठेवायला किती वेळ."

"तुझ्यातला उरलाय का?"

"उरलाय थोडा. पण तो माझ्या मागचा, गार..."

"तोच वाढ," श्रीपादराव म्हणाले आणि पाय धुवायला उठले.